बिनहवेचा टायर : पंक्चरची कटकट खरंच संपणार का?

तूर निघाली आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या, की पंक्चरवाल्याचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात धसकट घुसते, पाणंदीत पडलेला बाभळीचा काटा मोटारसायकलला लागतो, आणि ऐन बाजाराच्या दिवशी भाजीने भरलेली पिकअप अंगणात एका अंगावर कललेली दिसते. त्यामुळे बिनहवेच्या टायरची एखादी चित्रफीत मोबाईलवर आली की ती दोन दिवसांत गावभर फिरते. खिळे ठोकलेल्या फळीवरून गाडी जाते आणि टायरला काहीच होत नाही. मग बैठक खताची असो की पीक विम्याची, शेवटी कुणीतरी विचारतोच, ‘‘साहेब, ते बिनहवेचं टायर आपल्याकडं कधी मिळणार? माझ्या गाडीला बसंल का?’’

प्रश्न साधा वाटला तरी त्यात पैसा अडकलेला आहे. कुणी जुनी कार घेतलेली असते आणि तिचे चारही टायर बदलायला आलेले असतात. नवे टायर आता टाकावेत, की थोडे थांबून बिनहवेचेच घ्यावेत, हा त्याचा खरा सवाल असतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापराच्या मोटारीसाठी थांबू नका. असा टायर आजमितीला आपल्या देशात मोटारीसाठी दुकानात विकत मिळत नाही, आणि उद्या मिळाला तरी आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या मातीत तो लगेच परवडेल असे दिसत नाही. मात्र गावातल्या काही चाकांना तो आजही उपयोगी आहे. कोणत्या चाकांना, ते पुढे येईलच. त्याआधी टायरमधली हवा नेमके काय काम करते हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण ते कळले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पावशेरसुद्धा नाही, पण अडीचशे किलो पेलते

माणसांसकट हजार किलोची एक लहान मोटार धरा. प्रत्येक चाकावर साधारण अडीचशे किलो वजन येते. टायरमध्ये ३२ पौंड हवा आहे, म्हणजे पंक्चरच्या दुकानात आपण ज्याला ३२ पॉइंट म्हणतो तेवढी. याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. अडीचशेला सव्वादोनने भागा, उत्तर येते ११० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. एवढाच टायर जमिनीला टेकलेला असतो, जवळपास तुमच्या तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर अख्खी गाडी चालते.

आता या हवेचे स्वतःचे वजन किती? लहान मोटारीच्या एका टायरात पंचवीस-तीस लिटरची जागा असते. दाबून भरलेली हवा धरली तरी तिचे वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या घरात जाते. पावशेरसुद्धा नाही! एवढ्याशा हवेने अडीचशे किलो पेलायचे, खड्ड्याचा दणका गिळायचा, परत फुगायचे आणि तरीही तापायचे नाही. असा स्वस्त, हलका आणि न झिजणारा स्प्रिंग माणसाला दुसरा सापडलेला नाही. हवेच्या टायरचे दुखणे एकच, ती निघून जाते.

बैलगाडीचे चाक आठवा

खरे पाहता बिनहवेचे चाक आपल्याला नवे नाही. लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, आणि बाहेरून लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव, हे चाक आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर वापरले. त्याला कधी पंक्चर झाले नाही. पण भरल्या गाडीने ओल्या रानातून जाताना ती अरुंद धाव मातीत कशी रुतायची, चाकोरी किती खोल पडायची आणि बैलांच्या खांद्याचे काय हाल व्हायचे, हे जुन्या माणसांना विचारा.

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच मांडून पेटंट घेतले होते, पण ती मागे पडली. पुढे १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने ती पुन्हा आणली. हा डनलॉप बेलफास्टमध्ये राहणारा, व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला दणके बसतात म्हणून त्याने रबरी नळी हवा भरून चाकाला गुंडाळली. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीला कित्येक गावांत आजही ‘डनलॉप गाडी’ म्हणतात, ते नाव या पशुवैद्याचे. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या भागातून कारखान्यावर जाणाऱ्या कुटुंबांना टायर बैलगाडीचे महत्त्व सांगायला नको. त्याच बैलजोडीने दोन-दोन टन ऊस ओढला जातो, तो या हवेच्या जोरावर. धावेच्या चाकावर तेवढे वजन कच्च्या रस्त्याने काढून दाखवा म्हणावे.

म्हणजे माणूस बिनहवेच्या चाकाकडून हवेच्या चाकाकडे आला तो सहज नाही, त्याला फायदा दिसला म्हणून आला. आता उलट जायचे तर नव्या चाकाने हा सगळा फायदा ठेवून वर पंक्चरची कटकट घालवायला हवी. कंपन्यांपुढची खरी अडचण इथे आहे.

कंपन्यांनी आतापर्यंत काय केले?

नव्या पद्धतीच्या बिनहवेच्या टायरात बाहेर रबराचा पट्टा, मधे लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चाक, आणि दोघांच्या मध्ये लवचिक पट्ट्यांचे आरे असतात. वजन आले की आरे वाकतात, वजन सरकले की सरळ होतात. हवेचे काम या आऱ्यांनी करायचे. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने ‘ट्वील’ या नावाने असे चाक २००५ मध्ये जगापुढे आणले. सुरुवातीच्या चाचण्यांत ताशी ८० किलोमीटरच्या वर गेले की त्याचा थरकाप आणि आवाज फार होई. कंपनीने मग ते मोटारीला न लावता कमी वेगाच्या यंत्रांकडे वळवले. माती आणि भंगार उचलणारे लहान लोडर, गवत कापायची मोठी यंत्रे अशा ठिकाणी हे चाक आज अमेरिकेत पैसे देऊन विकत घेतले जाते. खिळे, काचा आणि पत्र्यांत दिवसभर फिरणाऱ्या यंत्राला ते परवडते.

मोटारीसाठी त्याच कंपनीने २०१९ मध्ये जनरल मोटर्सबरोबर ‘अप्टिस’ नावाचा टायर जाहीर केला. यात काचतंतूंनी मजबूत केलेल्या पट्ट्या आहेत. २०२४ पर्यंत तो मोटारींवर आणू, असे तेव्हा सांगितले गेले होते. ते साल उलटून गेले, पण कोणत्याही शोरूममधून तुम्ही या टायरची मोटार घेऊन बाहेर पडू शकत नाही. मधल्या काळात २०२३ मध्ये सिंगापुरात डीएचएल कंपनीच्या पार्सल पोचवणाऱ्या गाड्यांवर त्याची चाचणी सुरू झाली. अमेरिकेतील गुडइयर कंपनीने २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल शहरात चालकाविना चालणाऱ्या लहान प्रवासी गाडीवर आपला टायर लावून पाहिला. जपानची ब्रिजस्टोन २०११ पासून या कामात आहे, आणि तिचा भर सध्या ताशी वीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या छोट्या वीजगाड्यांवर आहे.

या यादीत तुमच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. शहरातले डांबरी रस्ते, ठरलेला मार्ग, बेताचा वेग, आणि संध्याकाळी गाडी कंपनीच्या आवारात परत. तिथे टायर बिघडला तर बघायला इंजिनिअर उभा असतो. आपल्या गाडीचे तसे नाही. ती सकाळी रानात, दुपारी तालुक्याला आणि रात्री लग्नाला जाते.

मोटारीला अडते कुठे?

पहिली अडचण उष्णतेची. चाक एका फेऱ्यात एकदा दबते आणि सुटते. ताशी ८० च्या वेगाने मोटारीचे चाक एका सेकंदात अकरा-बारा फेरे मारते. तेवढ्या वेळा प्रत्येक आरा वाकतो आणि सरळ होतो. तार वाकवून-सरळ करून पाहा, वाकल्या जागी ती गरम होते. आऱ्यांचेही तेच होते. हवा मात्र कितीही वेळा दाबा, थकत नाही. त्यातून आपला एप्रिल-मेचा तापलेला डांबरी रस्ता धरा.

दुसरी अडचण वजनाची. हवेच्या जागी वस्तू आली की चाक जड होते. चाक जड झाले की इंधन जास्त लागते आणि खड्ड्याचा दणका सस्पेन्शनला जास्त बसतो.

तिसरी अडचण परदेशातल्या चित्रफितीत कधीच दिसत नाही, ती चिखलाची. आरे उघडे असतील तर त्यात काय शिरेल? आपली काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी लपेटते हे तुम्हाला माहीत आहे. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये माती अडकून चाक जाम होते, मग काडीने उकरत बसावे लागते. तीच माती आऱ्यांच्या फटीत भरली, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि उन्हाने विटेसारखी घट्ट झाली, तर ते चाक वेगात थडथडणारच. फटी दोन्ही बाजूंनी झाकणे हा त्यावर उपाय होऊ शकतो, पण मग आतली उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही.

चौथी गोष्ट खर्चाची. आज पंक्चर झाले तर स्ट्रिप टाकून काम भागते. आरा तुटला तर तो सांधता येत नाही, अख्खे चाक बदलावे लागते. ते चाक तालुक्याला मिळायला हवे, आणि ते बसवणारा माणूसही हवा.

कंपन्यांची बाजूही खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पंक्चर, हवा कमी-जास्त असणे आणि वेडीवाकडी झीज यामुळे जगात दरवर्षी सुमारे २० कोटी टायर वेळेआधी भंगारात जातात, असे मिशेलिन सांगते. हवेकडे पाहावे लागत नसेल तर ही नासाडी थांबेल, म्हणून त्यांचे प्रयत्न चालू आहेत. पण ‘हवेकडे पाहणे’ आपण आजही करू शकतो, आणि त्याला खर्च येत नाही.

भरीव टायरला भुलू नका

कुणी ‘हाच तो बिनहवेचा टायर’ म्हणून मोटारीला किंवा पिकअपला भरीव रबराचा टायर दाखवू लागला, किंवा आहे त्याच टायरात फेस भरून देतो म्हणाला, तर जरा थांबा. फेस भरण्याची पद्धत खरी आहे, ती खाणीतल्या आणि भंगाराच्या आवारातल्या संथ यंत्रांसाठी वापरतात. मोटारीच्या टायरात तीस लिटर जागा भरीव मालाने भरली, तर प्रत्येक चाक पंचवीस-तीस किलोने जड होईल. म्हणजे गाडीवर कायमचे दोन क्विंटल सोयाबीन नाही, पण एक क्विंटल नक्की, आणि तेही स्प्रिंगच्या खाली. ब्रेक, बेअरिंग, स्टिअरिंग यातले काहीही त्यासाठी बनवलेले नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात याच मुद्द्यावर घोळ होतो. पाच-सहा पंक्चर वाचवायला जाऊन एवढी जोखीम घेऊ नये.

ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा

‘‘मग ट्रॅक्टरला तरी?’’ असे पुढचे विचारणे असते. ट्रॅक्टरचा वेग कमी, म्हणून उष्णतेची अडचण कमी, हे बरोबर. पण ट्रॅक्टरचे चाक रस्त्यावर नाही, मातीवर चालते, आणि माती हा आपला खरा माल आहे.

टायरमध्ये जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब चाकाखालच्या मातीवर पडतो. शेतकामाला मागच्या चाकात १२ ते १४ पौंड हवा पुष्कळ ट्रॅक्टरना चालते (तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, तोच प्रमाण माना). एवढ्या कमी हवेत मोठा टायर चांगला पसरतो आणि वजन वाटले जाते. तेच चाक तिप्पट कडक असेल तर टेकणारी जागा कमी होईल, माती दडपेल, पाणी मुरणार नाही आणि पुढच्या पिकाची मुळे त्या थरावर जाऊन आडवी होतील. एकदा दडपलेली काळी जमीन मोकळी करायला काय खर्च येतो, तो एका ट्यूबच्या किमतीशी ताडून पाहा.

हवेच्या चाकाची आणखी एक सोय आपण गृहीत धरतो. ट्रॉली घेऊन रस्त्याने जायचे तर हवा वाढवा, नांगराला कमी करा. नांगरताना चाक घसरत असेल तर ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरा, वजन वाढते आणि पकड येते. काम संपले की पाणी काढून टाका. भरीव चाकात यातले काहीच करता येत नाही.

धान पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात. ते बिनहवेचेच चाक आहे आणि त्या कामाला उत्तम आहे, कारण तिथे चिखल कालवायचाच असतो. पण तेच चाक डांबरी रस्त्यावर आणले तर रस्ता उखडतो, म्हणून ते बांधावर काढून ठेवावे लागते. कुठले चाक कुठे चालावे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला दिसत नाही.

ग्रामपंचायतींनी मात्र जरूर विचार करावा

वेग माणसाच्या चालीचा, ओझे बेताचे, आणि हवा भरायची आठवण कुणालाच राहत नाही अशी चाके गावात पुष्कळ आहेत. हाताने ढकलायची कचरागाडी घ्या. कचऱ्यात काचा, खिळे, पत्रे असायचेच. महिन्याभरात ट्यूब बसते आणि गाडी शाळेच्या भिंतीला टेकून गंजत राहते, हे दृश्य नवे नाही. अशा गाडीला भरीव रबराचे किंवा फेसाचे चाक हा चांगला पर्याय आहे. दरपत्रक मागवताना चाक रुंद हवे आणि त्याला बॉल बेअरिंग हवे, एवढे स्पष्ट लिहा. अरुंद भरीव चाक पावसाळ्यात त्या जुन्या धावेसारखेच रुतते. जनावरांच्या गोठ्यातला शेणाचा हातगाडा, नर्सरीतली रोपांची गाडी, गोदामातली पोत्यांची ट्रॉली यांनाही हेच लागू.

घंटागाडी वीजेवर किंवा डिझेलवर चालणारी असेल तर तिचे टायर कंपनीने दिलेलेच ठेवावेत.

पाच टक्के दिव्यांग निधीतून साहित्य घेतानाही हा प्रश्न येतो. घरात आणि फरशीवर फिरणाऱ्या चाकखुर्चीला भरीव टायर सोयीचा आहे. पण कच्च्या रस्त्याने हाताने चालवायची तीनचाकी असेल तर हवेचाच टायर घ्यावा. भरीव चाक खडीवर फार जड जाते, आणि ते सगळे जड त्या माणसाच्या दोन हातांवर येते. दुकानदाराला काय परवडते ते बाजूला ठेवून, वापरणाऱ्याला एकदा बसवून बघा आणि मग बिल काढा.

तोपर्यंत आहे ते टायर

पंक्चर निम्म्याने कमी करण्याचा उपाय चाकात नसून विळ्यात आहे. तुरीचे खोड तिरपा घाव घालून कापले की बुडख्याला भाल्यासारखे टोक राहते. आडवा आणि जमिनीलगत घाव घाला, मजुरांना तसे सांगून ठेवा. ट्रॉली रानात घालण्याआधी चाकाच्या वाटेवरची धसकटे तरी उपटून घ्या. कुंपणाला बाभळीचे फेसाटे ओढत नेले असेल, तर पाणंदीत सांडलेले काटे त्याच दिवशी गोळा करून जाळा. पाणंद सगळ्यांची आहे म्हणून काटे कुणाचेच नाहीत, असे होते आणि भोगतो सगळा गाव.

मोटारीची हवा गाडी थंड असताना, सकाळी निघण्याआधी, पंधरा दिवसांतून एकदा तपासा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. रिकाम्या गाडीला वेगळा, भरलेल्या गाडीला वेगळा. पिकअपवाल्यांनी हा फरक विशेष पाहावा. हवा कमी असताना भरलेली गाडी पळवली की टायरची कूस तापते आणि तो बाजूने फाटतो. त्या फुटण्याला आपण रस्त्याचा दोष म्हणतो.

नवी मोटार घेत असाल तर डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघा. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचे सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे साहित्य दिले असेल तर स्टेपनीविना मोटार विकण्यास २०२० सालच्या नियमबदलाने मुभा मिळाली आहे. शहरात ते चालून जाते. आपल्याकडे रात्री अकराला टायरची कूस फाटली तर त्या साहित्याचा काही उपयोग नाही, तेव्हा स्टेपनी मागून घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील.

आणि जुने टायर विकत घेताना दोन खुणा पाहायला शिका. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजा, मोटारीसाठी तो टायर संपला. दुसरी खूण टायरच्या कुशीवर चार आकड्यांची. २३१९ असे छापले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. वरून नक्षी नवीकोरी दिसत असली आणि आकडा आठ-दहा वर्षांपूर्वीचा निघाला, तर तो स्वस्तात मिळतो आहे तो का, हे विकणाऱ्याला विचारायची गरज नाही.